दुपारचा डोंगर: झेपेल का, त्याआधी परत कधी फिरणार ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त चार दिवस परक्या शहरात जाताय, एक दुपार मोकळी आहे आणि शहरालगतच्या डोंगरात गाईडसोबत जाण्याची एक सहल मिळतेय. अडीचला सुरुवात, जाऊन-येऊन ९ किलोमीटर, चढ ४५० मीटर. जाहिरातीत ‘साधारण ३ तास, सोपी’ असं लिहिलंय. त्या दिवशी सूर्यास्त ६ वाजून ५ मिनिटांनी आहे आणि रात्री साडेनऊला तुमचं परतीचं विमान. वय ४७, रोज चालणं आहे, पण डोंगर चढून १० वर्षं झाली. झेपेल का, आणि आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा झाला तर काय?

झेपेल. रोज तासभर झपाझप चालणाऱ्याला ४५० मीटरचा चढ काही अवघड नाही. दम लागेल, घाम निघेल, दोन दिवस मांड्या धरतील, एवढंच. पण तुमची नजर उंचीवर आहे, ती घड्याळावर असायला हवी. मी १९ वर्षं लोकांना डोंगरात नेतोय आणि दुपारच्या फेऱ्यांमध्ये जेवढे घोळ पाहिले, त्यातले फार थोडे चढामुळे झाले. बहुतेक उशिरामुळे झाले.

पहाटे निघालेल्या माणसाच्या हातात अख्खा दिवस असतो. वाट चुकली, झाडाखाली तासभर डोळा लागला, तरी तो उजेडात खाली येतो. दुपारी निघालेल्याचं तसं नाही. त्याची शेवटची वेळ सूर्याने आधीच ठरवून टाकलेली असते, आणि पाय सगळ्यात जास्त दमलेले असतात तेव्हाच उजेड सगळ्यात कमी असतो.

आता तुमच्या ‘३ तासां’चा हिशोब करू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही जगभर वापरतात. मीटरमध्ये सांगायचं तर सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर १०० मीटरला १० मिनिटं वाढवायची. तुमचे ९ किलोमीटर म्हणजे १०८ मिनिटं, ४५० मीटरची ४५ मिनिटं. एकूण अडीच तास आणि वर ३ मिनिटं. त्यात विसावा, फोटो, पाणी काहीच धरलेलं नाही, आणि चालणारा तयारीचा आहे असं गृहीत आहे. म्हणजे जाहिरातीतले ३ तास खोटे नाहीत. फक्त ते लिहिणाऱ्याच्या पायांचे आहेत, तुमच्या नाहीत आणि गटाचे तर नाहीतच.

गटाला वेळ कुठे लागतो ते बाहेरून कळत नाही. पहिल्या १५ मिनिटांत कुणाला तरी उकडतं आणि जाकीट काढून सॅकमध्ये कोंबायला सगळे थांबतात. मग कुणाच्या बुटात खडा. मग ओढा आडवा येतो. ओढ्यात दगड पाचच, पण त्यावरून एका वेळी एकच जण जाणार. माणशी १ मिनिट धरलं तरी १२ जणांना तिथेच १२ मिनिटं गेली, आणि वाट पुढे तेवढीच राहिली. म्हणून अनोळखी, मिश्र वयाच्या गटासाठी मी नेस्मिथच्या वेळेची दीडपट धरतो. हा दीडपटीचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, तो काही नियम नाही. वाट घसाऱ्याची, म्हणजे सुट्या दगड-मातीवरून पाय सरकणारी असेल तर मी दुप्पटही धरतो. रुंद, मळलेली गाडीवाट असेल तर सव्वापटीत भागतं.

दीडपट म्हणजे ३ तास ५० मिनिटं. अडीचला निघालात तर ६ वाजून २० मिनिटांनी खाली, म्हणजे सूर्यास्तानंतर पाव तासाने. कागदावर आरामात बसणारी सहल अंधारात संपतेय, आणि अजून कुणाचा पायसुद्धा मुरगळलेला नाही.

सूर्यास्तानंतर थोडा वेळ संधिप्रकाश असतो हे खरं. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत उघड्यावर बऱ्यापैकी दिसतं. विषुववृत्ताजवळ हा वेळ २०-२२ मिनिटांचा असतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात बराच लांबतो. पण तो उघड्या मैदानाचा हिशोब झाला. दाट झाडीत किंवा घळीत पायाखालचं दिसेनासं होतं ते त्याच्या कितीतरी आधी. आणि पूर्वेकडच्या उतारावरून खाली येत असाल तर डोंगर स्वतःच सूर्याच्या आड येतो. पंचांगात ६ वाजून ५ मिनिटं असली तरी तुमचा सूर्य पाचलाच गेलेला असतो. म्हणून उतरण कुठल्या बाजूने आहे ते विचारून घ्या.

वर असताना किती उजेड उरलाय याचा अंदाज मुठीने घेता येतो. हात ताठ समोर धरा, क्षितिजावर मूठ टेकवा आणि तिथून सूर्यापर्यंत एकावर एक किती मुठी बसतात ते मोजा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते आणि आकाश तासाला १५ अंश फिरतं. सूर्य सरळ खाली जात असेल, म्हणजे उष्ण पट्ट्यात, तर एका मुठीला ४० मिनिटं. जसजसे विषुववृत्तापासून लांब जाल तसा सूर्य तिरपा उतरतो आणि मुठीला जास्त वेळ मिळतो. ‘चार बोटं म्हणजे एक तास’ असं बरेच जण छातीठोक सांगतात. चार बोटं मुठीपेक्षाही कमी भरतात. उष्ण पट्ट्यात त्या भरवशावर राहिलात तर अर्धा तास हातोहात गायब होईल.

त्यामुळे फोन करून पहिला प्रश्न ‘सोपी आहे का’ असा विचारू नका. ‘परत कितीला फिरणार?’ असं विचारा. मला स्वतःला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सगळे खाली हवे असतात. तुमच्या बाबतीत ५ वाजून ३५ मिनिटं. उतरायला चढाच्या साधारण ७० टक्के वेळ लागतो असं धरलं, तर जिथे असाल तिथून सव्वाचारला तोंड फिरवावं लागेल. तोवर तुमची चढण पाऊण-एक झालेली असेल, माथा वर दिसत असेल, आणि तरी फिरायचं. माथा गाठायचाच असेल तर निघण्याची वेळ पावणेदोन हवी. यातलं काहीतरी एक गाईडने तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. ‘बघू, कसे चालतात त्यावर’ हे उत्तर ऐकलं की मी सावध होतो.

सावध होतो, कारण हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत ९ जणांना घेऊन गेलो होतो. साडेचारला फिरायचं ठरलं होतं. साडेचार वाजले तेव्हा माथा १० मिनिटांवर होता. सगळ्यांनी गळ घातली, मीही विरघळलो. १० मिनिटांची २५ झाली, वर फोटोंना २०. उतरताना अर्ध्यावर अंधारलं, ९ जणांत टॉर्च ३. अवघड कातळ सगळे हात धरून नीट उतरले. मग सपाटी लागली, लोक सैलावले, गप्पा सुरू झाल्या, आणि गाडीपासून जेमतेम ३०० मीटरवर एका बाईंचा पाय विटेएवढ्या दगडाच्या कडेवर पडला. घोटा गेला. ‘बसल्यावर दुखत नाही हो,’ असं त्या मलाच धीर देत होत्या. ते ३०० मीटर पार करायला आम्हाला सव्वा तास लागला. उजेडात त्या दगडाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तेव्हापासून फिरण्याची वेळ मी निघतानाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो. एकदा सांगितली की वर गेल्यावर गळ घालणाऱ्यांची संख्या निम्म्याने घटते.

आता खोळंब्याबद्दल. गटात हळू चालणारं कुणीतरी असतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोळ होतो तो त्याला शेवटी ठेवल्याने. पुढचे थांबतात, बसतात, पाणी पितात, ५ मिनिटांनी हा धापा टाकत पोचतो, आणि हा दिसला की ते उठतात. म्हणजे ज्याला विसावा सगळ्यात जास्त हवा त्याला तो मिळतच नाही, आणि दर थांब्यावर तो आणखी दमत जातो. उपाय साधा आहे. निघतानाच गाईडला सांगा, ‘मी हळू आहे, तुमच्या मागे पहिला चालतो.’ मग गटाची चाल तुमच्या चालीला बांधली जाते. चांगला गाईड स्वतःच तसं करतो. दुसरं, गटाच्या मागे त्यांचा एक माणूस हवा, वाट माहीत असलेला. एकटा गाईड १२ जणांना घेऊन पुढे चालतोय आणि मागे कुणीच नाही, अशा सहलीला मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

चाल किती ठेवायची? चढताना शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास लागतोय म्हणजे तुम्ही पुढची २० मिनिटं आत्ताच खर्च करताय. पहिली १५ मिनिटं तर मुद्दाम कंटाळवाणी वाटावीत इतकी सावकाश घ्या. बहुतेकांची दमछाक तिथेच होते, कारण अंगात हुरूप असतो आणि स्नायू अजून गरम झालेले नसतात.

गाईडला तुमच्याबद्दल खरं सांगणं हेही तुमचंच काम. गुडघा दुखतो, दमा आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, कड्यावर उभं राहिलं की गरगरतं, जे असेल ते बाजूला घेऊन सांगा. हृदयाची तक्रार असेल किंवा चढताना छातीत दडपल्यासारखं होत असेल, तर माझं ‘झेपेल’ तुमच्यासाठी नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

ऊन हा दुपारचा दुसरा प्रश्न. दिवसातलं कमाल तापमान सूर्य डोक्यावर असताना नसतं, ते त्यानंतर दोन-तीन तासांनी येतं. अडीचला निघणं म्हणजे ऐन भट्टीत चढ घेणं, त्यात पश्चिमेकडचा उघडा उतार असेल तर तापलेला कातळही खालून भाजतो. हवामान थंड असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नसेल तर पाणी तासाला अर्धा लिटर धरा, म्हणजे तुमच्यासाठी २ लिटर, आणि ते घोटघोट, तहान लागायची वाट न बघता. कडक उन्हात याहूनही जास्त लागेल. मात्र भीतीपोटी नुसतं पाणी ढोसत सुटू नका. घामातून गेलेलं मीठही परत जायला हवं, तेव्हा सोबत काहीतरी खारट असू द्या. निघण्याआधी दीड-दोन तास हलकं खाऊन घ्या. भरल्या पोटी चढ घेतला की पोटालाही रक्त हवं आणि पायांनाही, आणि तुम्ही मधल्यामध्ये मळमळत बसता. डोकं दुखणं, गरगरणं, उन्हात अंगावर काटा येणं यातलं काही जाणवलं तर लगेच सावलीत बसा आणि गाईडला सांगा. ‘थोडं सहन करू’ हा शहाणपणा इथे नको. आणि एखादा माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजून तिथल्या तिथे अंग ओलं करून वारा घालायचा आणि मदत बोलवायची.

संध्याकाळी उलटं होतं. उंचीने थंडी फारशी वाढत नाही. १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश, म्हणजे तुमच्या ४५० मीटरला ३ अंशच. पण माथ्यावर वारा असतो आणि तुमचा शर्ट घामाने चिंब असतो. वर पोचल्यावर पाचव्या मिनिटाला लोक कुडकुडायला लागतात ते त्यामुळे. एक कोरडा शर्ट आणि पातळ वाराबंद जाकीट सॅकमध्ये टाका, काम झालं.

विजांचं मात्र गंभीरपणे घ्या. तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, ढग रचले जातात आणि डोंगरात गडगडाट होतो तो बहुतेक दुपारीच. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा. ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर डोंगराची धार आणि माथा सोडून खाली सरकायचं, एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढायचं नाही. ‘ढग आले तर काय करता?’ हा तुमचा फोनवरचा दुसरा प्रश्न. सहल रद्द झाली तर पैसे परत मिळतात का तेही तिथेच विचारा, कारण पैसे परत द्यायचे नसले की काही लोकांना ढग दिसत नाहीत.

बुटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण १० वर्षांपूर्वीचे बूट कपाटात असतील आणि तुम्ही ते काढणार, हे मी पैजेवर सांगतो. नका काढू. एका गृहस्थांनी असेच महागडे, जेमतेम चार वेळा वापरलेले बूट आणले होते. तासाभराने मागून ‘फटक फटक’ असा आवाज यायला लागला. बघितलं तर डाव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटून जिभेसारखा लोंबत होता. आतला फोम चिमटीत धरला तर त्याचा रवा झाला. बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो, तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतो, आणि बूट न वापरता ठेवले म्हणून तो वाचत नाही. चिकटपट्टी आणि नाडीने बांधून त्यांना कसंबसं खाली आणलं. उजवा तळ उतरताना गेला. नवे कोरे बूटही नकोत, फोड येतात. रोज चालायला वापरता तेच बूट घाला, तळाची नक्षी झिजलेली नसली म्हणजे झालं. त्यांच्यासोबत जाड मोजे.

उतरण सुरू होण्याआधी नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधा, विशेषतः घोट्यापाशी, नाहीतर पाय पुढे सरकून बोटं बुटावर आपटत राहतात. नखं आदल्या दिवशी कापा. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, आणि पाय पूर्ण टेकवायचा. घसाऱ्यावर घाबरून मागे रेललात की टाच निसटते आणि तुम्ही बसताच. वजन पायांवरच ठेवा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून चढापेक्षा उतार जास्त दुखवतो, आणि ते दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. तिसऱ्या दिवशी महत्त्वाची मीटिंग असेल तर लिफ्ट असलेली बरी. हातात काठी असेल तर गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गाईडकडे असतात, मागा.

टॉर्च प्रत्येकाचा स्वतःचा हवा, डोक्याला लावायचा. मोबाईलच्या उजेडात एक हात अडकतो आणि मदतीला लागणारी बॅटरीही संपते. एक बारकावा: डोळ्यांच्या रेषेतल्या उजेडात दगडांची सावली दिसत नाही, सगळं सपाट भासतं. वाट खडबडीत असेल तर टॉर्च काढून कमरेशी धरा, खाचखळगे लगेच उठून दिसतात. शिट्टीही ठेवा. डोंगरातली मदतीची जुनी खूण म्हणजे मिनिटात ६ शिट्ट्या, मग १ मिनिट थांबून पुन्हा ६. काही देशांत ३ चालतात. तिथला आपत्कालीन क्रमांक आदल्या रात्री बघून ठेवा. ११२ बऱ्याच देशांत चालतो. जिथे मुक्कामाला आहात तिथे कुणाला तरी कुठे जातोय आणि कितीला परत येणार ते सांगून निघा.

राहिलं विमान. खरं सांगू, मला तुमच्या पायांपेक्षा या साडेनऊची जास्त धास्ती वाटते. ६ वाजून २० मिनिटांनी खाली आलात, शहरात परतायला तास, सामान उचलायचं, वेळेआधी विमानतळावर पोचायचं. म्हणजे वरून निघतानाच तुमच्या डोक्यात काटा फिरायला लागणार. घाई झालेला माणूस उतारावर लांब ढांगा टाकतो आणि पायाखाली बघत नाही. एक जण घाईत आहे म्हटल्यावर अख्खा गटही नकळत धावायला लागतो. चार दिवसांतली दुसरी एखादी दुपार मोकळी करता आली तर करा. नाही जमलं तर पावणेदोनला निघणारी सहल शोधा किंवा हीच वाट निम्मी करून परतायला गाईड तयार आहे का विचारा. वाटेत सुटून खाली यायला दुसरी सोपी वाट असेल आणि मागचा माणूस तुम्हाला तिथून उतरवून देणार असेल, तर तेही चालेल. यातलं काहीच जमलं नाही तर त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याची वाट तासभर एकट्याने चाला आणि बूट न मळवता विमानात बसा.